गॅरेजमधली अंत्ययात्रा

मॉरिसव्हिल व पंचक्रोशीतील समस्त मराठी भाषकांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आपल्या मंडळाच्या ज्येष्ठ अभिनेत्री नंदिनीबाई यांना 'कमी कर' असे तोंडावर सांगण्याचा अधिकार असलेली या खंडातील एकमेव व्यक्ती आता हयात नाही. सबब यापुढे गणपती, दिवाळी, संक्रांत किंवा कोणाच्याही घरची सत्यनारायणाची पूजा यांत नंदिनीबाई जे काही करतील, त्याचे परिणाम ज्याचे त्याने सोसावेत.

वैजू, हे वाचून तू काय म्हणाली असतीस ते मला पाठ आहे. "पहिलं वाक्य ठेव, दुसरं काप." कापत नाही. आता कोण विचारतंय.

तुला जाऊन महिनाही झालेला नाही. लोक मला तुझ्याबद्दल लिहायला सांगतात आणि लगेच तुझं शिक्षण, तुझ्या नोकऱ्या, तुझे पुरस्कार यांची यादी पाठवतात. ती यादी मी बाजूला ठेवली आहे. मला एका दुपारबद्दल बोलायचं आहे, आणि ते तुझ्याशीच बोलायचं आहे, कारण त्या दुपारी मी तुझा विश्वासघात केला आणि तुला तो कळला की नाही, हे विचारायची हिंमत मला शेवटपर्यंत झाली नाही.

पण मला तू ओळखतेस. मी सरळ तिथे जाणार नाही. आधी थोडी सजावट करणार.

तुझं काम काय होतं हे मी लोकांना दहा वर्षं समजावते आहे. जपानमध्ये ॲनिमे सिनेमा तयार होतो, त्यातली माणसं जपानीत बोलतात, आणि अमेरिकेत तो दाखवायचा तर त्यांना इंग्रजी आवाज द्यावे लागतात. ते आवाज निवडणार कोण आणि त्यांच्याकडून काम करून घेणार कोण, तर साताऱ्याची वैजयंती. सॉफ्टवेअर टेस्टिंगची बरी चाललेली नोकरी सोडून तू हे धरलंस तेव्हा सगळ्यांनी तुझ्या नवऱ्याकडे, श्रीधरकडे, सहानुभूतीने पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं. मग तुला ती तीन सिनेमांची मालिका मिळाली, मिठाच्या बेटाची. समुद्रातलं एक बेट, त्यावर मिठागरं, आणि तीन भागांत हळूहळू बुडत जाणारी तिथली माणसं. तेव्हापासून आम्ही सगळे श्रीधरकडे आदराने पाहू लागलो.

स्टुडिओ अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर. नट देशभर, आपापल्या घरी कपड्यांच्या कपाटात माइक लावून बसलेले. आणि तू मॉरिसव्हिलला, वरच्या मजल्यावरच्या वॉक-इन क्लॉझेटमध्ये, म्हणजे आत शिरता येईल एवढ्या कपड्यांच्या कपाटात. तिथे आवाज घुमू नये म्हणून तू भिंतींवर साड्या टांगल्या होत्यास. फक्त सुती. जरीची साडी हलली की सळसळते आणि टेक बिघडतो, म्हणून सगळ्या पैठण्या हद्दपार होऊन ऋचाच्या खोलीत गेल्या. तुझी मुलगी ॲन आर्बरहून सुट्टीला घरी आली की म्हणायची, तिच्या पलंगावर नवरीच्या खोलीसारखा ढीग पडलेला असतो आणि लग्न मात्र कोणाचंच नसतं.

आणि तुझी आवाज निवडायची पद्धत. ऑडिशनच्या फाइली नावाशिवाय यायच्या, नुसते नंबर. तू त्या ऐकायचीस पोळ्या करताना. कानात हेडफोन, समोर तवा. एखाद्या आवाजाने तुझा हात थांबला आणि पोळी करपली, की तो नंबर यादीत. आलेली पोळी काळी असली की श्रीधर जेवताना शांतपणे म्हणायचा, आज हीरो मिळालेला दिसतो.

मी पण दिली होती ऑडिशन. मिठागरांच्या म्हाताऱ्या राणीसाठी, तुला न सांगता, नंबराच्या आड लपून. आणि तू फाइली ऐकणार होतीस त्या संध्याकाळी मुद्दाम तुझ्या ओट्यापाशी कोथिंबीर निवडत उभी राहिले. माझा नंबर लागला. मला तुझ्या चेहऱ्यावरून कळलं, कारण तू ओठ घट्ट मिटून घेतलेस. पोळी टम्म फुगली. चारही बाजूंनी सारखी, एक डाग नाही. तुझ्या हातून इतकी सुंदर पोळी त्याआधी कधी झाली नव्हती. तू ती माझ्याच ताटात वाढलीस.

राणीचा आवाज दूर कुठेतरी कपाटात बसलेल्या एका सव्वीस वर्षांच्या मुलीला गेला. मला पहिल्या भागात तू बकरी दिलीस. मी बकरीचा अभ्यास केला, वैजू. तिची भूक, तिची परिस्थिती. तिसऱ्या बेंबाटण्यानंतर तू हेडफोन काढलेस आणि म्हणालीस, "नंदू, कमी. बकरीला माहीत नाही ती सिनेमात आहे."

हे वाक्य मी सगळ्या पार्ट्यांत सांगितलं आणि प्रत्येक वेळी टाळ्या घेतल्या. पण खरं सांगू का, ते मला लागलं होतं. रंगमंचावर मी शिरले की शेवटच्या रांगेतली माणसं सावरून बसतात, ही माझी आयुष्याची कमाई. आणि तू, जिने मला तीस वर्षं पहिल्या रांगेतून पाहिलं, तिला माझ्यात एक खरा सूर सापडला नव्हता. यावर आपलं भांडण कधी संपलं नाही. मी म्हणायचे, लोक तिकीट काढून येतात, त्यांना थोडं जास्त द्यावं. तू म्हणायचीस, जास्त दिलंस की ते तुझ्याकडे बघतात, तुझ्या माणसाकडे नाही. गाडीत, फोनवर, इंडियन स्टोअरमध्ये भेंडी निवडताना. सारखं हेच.

मग गाडीतलं बोलणं बदललं. तुला केमोला न्यायचा वार माझ्याकडे होता, गुरुवार. तू सीट मागे करून डोळे मिटायचीस आणि दुसऱ्या भागाचे संवाद म्हणून बघायचीस. पात्राचं तोंड तीनदा उघडतं, तर इंग्रजीत तीनच तुकडे बसायला हवेत. तू मांडीवर बोटांनी ते मोजायचीस. एका गुरुवारी तू मोजत नव्हतीस. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये मी गाडी सुरू करायला लागले तर तू माझ्या मनगटावर हात ठेवलास. डॉक्टरांनी किती दिवसांचं सांगितलं ते सांगितलंस. तिसरा भाग पुढच्या वर्षी यायचा होता. तुझा आकडा तिथपर्यंत पोचत नव्हता.

"श्रीधरला मी सांगेन, माझ्या वेळेने," तू म्हणालीस. "आत्ता सांगितलं तर तो एक्सेल उघडेल. ऋचाला तर नाहीच. हे तुझ्यापुरतं, नंदू."

मी हो म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा एका शब्दात उत्तर दिलं. कमी.

आणि मग ती दुपार.

दुसऱ्या भागात बेटाच्या मुखियाची अंत्ययात्रा आहे. सगळं गाव त्याला मिठागरांच्या बांधावरून नेतं. त्या प्रसंगाला गर्दीची कुजबुज हवी होती. मूळ जपानी गर्दीतले शब्द ऐकू येत होते, म्हणून ती वापरता येत नव्हती. इंग्रजीत कुजबुजलं तर प्रेक्षकांचे कान तिकडे लागतात. तेव्हा तू स्टुडिओला सांगितलंस की माझ्याकडे नऊ माणसं आहेत, ती तासन्‌तास न थांबता बोलतात आणि इथल्या कोणाला त्यातलं काही कळत नाही. स्टुडिओ खूश झाला. योजनेत एक बारीकशी चूक होती आणि ती आपल्यापैकी कोणाच्याच लक्षात आली नाही: हा सिनेमा मराठी माणसंही बघणार होती. आपापला आवाज शोधायला तर नक्कीच.

तुझं गॅरेज. गाड्या बाहेर, दाराला गाद्या टेकवलेल्या, मधोमध माइक आणि भोवती आमचं मंडळ. बाहेर परागकणांचा दिवस होता, सगळं जग हळदीत बुडवून काढल्यासारखं पिवळं, आणि आत अनिल दर दोन मिनिटांनी शिंकत होता. तू स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली होतीस, डोक्याला स्कार्फ, कानावर हेडफोन. माझ्या शेजारी शैलाकाकू. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, निवृत्त भूलतज्ज्ञ, नाटकाची हौस दांडगी.

पहिल्या टेकला मी हंबरडा फोडला. तू थांबवलंस. दुसऱ्या टेकला मी हंबरडा आतल्या आत फोडला. तू परत थांबवलंस. शेजाऱ्याच्या गवत कापायच्या मशीनमुळे दोन टेक गेले, अनिलमुळे एक गेला, बाकीचे सगळे माझ्यामुळे. शेवटी तू खुर्चीतून उठलीस. उठायला तुला वेळ लागला आणि आम्ही सगळे जण दुसरीकडे कुठेतरी पाहत राहिलो.

"रडू नका रे कोणी," तू म्हणालीस. "अंत्ययात्रेत मागची माणसं काय करतात? पार्किंगचं बोलतात. कोण आलं नाही ते बोलतात. शेजारच्याशी खरं काहीतरी बोला. जे मनात असेल ते. आणि नंदू, नाटक नको."

लाल दिवा लागला. सगळे बोलू लागले. कोणी डोसा पिठाचं, कोणी मुलाच्या ॲडमिशनचं. मी शैलाकाकूंकडे वळले आणि मनात खरं काय आहे ते शोधलं. वैजू, माझ्या मनात तीन आठवडे दुसरं काही नव्हतंच. मी ते घेऊन ऑफिसला जात होते, ते घेऊन भाजी चिरत होते. आणि तूच म्हणाली होतीस, खरं बोला.

"वैजू काही तिसरा भाग बघायला राहत नाही," मी म्हटलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण शैलाकाकूंना तेव्हा कमी ऐकू यायचं आणि यंत्र लावायला त्या तयार नव्हत्या. त्यांनी कानामागे हात धरून "काय?" असं विचारलं. आणि मी, जिला शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय, मी ते दुसऱ्यांदा सांगितलं. सुटं सुटं. शब्दन्‌शब्द.

मी तुझ्याकडे पाहिलं नाही. दिवा विझला. तेवढ्यात अनिल शिंकला आणि सगळे हसले. मग तुझा आवाज आला, रोजचाच, कोरडा.

"छान. हाच ठेवू."

तुला ऐकू आलं होतं का? नऊ माणसं एकदम बोलत होती. पण तुझ्या कानावर हेडफोन होते, आणि तुझे कान म्हणजे नटाने शर्ट बदलला तरी फोनवर ओळखणारे कान. 'छान' म्हणजे काय छान? माझा सूर एकदाचा खरा लागला, हे? की विश्वासघात छान झाला, पुन्हा करायची गरज नाही, हे? मी तेव्हापासून या एका शब्दाच्या किती तालमी केल्या असतील. रागाने म्हणून पाहिला, थकून म्हणून पाहिला, काही न ऐकता म्हणून पाहिला. सगळ्या तऱ्हांनी तो बसतो.

त्यानंतर शैलाकाकूंकडून तुझ्या घरी डबे येऊ लागले. मुगाची खिचडी, साबुदाण्याची पेज, नाचणीचं सत्त्व. एका गुरुवारी गाडीत तू खिडकीबाहेर पाहत म्हणालीस, शैलाकाकू अचानक एवढ्या प्रेमळ कशा झाल्या गं. मी म्हटलं, वय झालं की होतात. तू "हं" म्हणालीस. तो 'हं' पण माझ्याकडे आहे. 'छान'च्या शेजारी ठेवला आहे.

तू श्रीधरला सांगितलंस, ऋचाला सांगितलंस, तुझ्या वेळेने. घरातल्या माणसांआधी ती बातमी तुझ्याच गॅरेजमध्ये, तुझ्याच माइकवर, मी फोडली होती हे त्यांना माहीत नव्हतं. मी त्या दोघांना जवळ घेऊन रडले आणि रडतानाही मला वाटत होतं की मी जास्त करते आहे.

शेवटच्या आठवड्यात मी कबुली द्यायला आले होते. दोन दिवस तयारी केली होती. सुरुवात कुठून करायची, कुठे थांबायचं, तुझा हात कधी हातात घ्यायचा. कबुलीचंसुद्धा मी नाटक बसवलं होतं, वैजू. आणि तुझ्या खोलीत शिरले, तुझा चेहरा पाहिला, आणि एकदम मंडळाच्या अध्यक्षांची नक्कल करायला लागले. माइक बंद पडल्यावर ते करतात ती. तू हसलीस. हसताना दुखत होतं तरी हसलीस. मग झोप लागली तुला. मी बराच वेळ बसले, आणि जे बोलायचं होतं ते न बोलता घरी गेले. टाळ्या घेऊन घरी गेले, असं म्हण.

त्या अर्ध्या तासासाठी मी तुझी ऋणी आहे, हे पण लिहून ठेवते. तुझ्यासमोर केलेला तो माझा एकच प्रयोग, ज्यात तू मला अडवलं नाहीस.

गेल्या रविवारी दुसरा भाग इथल्या थिएटरात लागला. असले सिनेमे चार दिवस येतात आणि जातात. ऋचाने दुपारच्या खेळाची तिकिटं मंडळातल्या सगळ्यांसाठी काढली. मी डोकेदुखी, सर्दी आणि ऑफिसचा कॉल अशी तीन कारणं एकामागोमाग पाठवली. तिचं उत्तर आलं, "मावशी, यू आर सिटिंग विथ अस. बाबा आणि मी, तू मध्ये." ऋचा बहुतेक इंग्रजीतच बोलते, पण तिला मराठी सगळं कळतं. तू तिला रागवायचीस ते मराठीतच ना.

म्हणून मी मध्ये बसले. डावीकडे ऋचा, उजवीकडे श्रीधर. तो हल्ली बोलत नाही. घरातल्या एकेका खोलीत जाऊन येतो, आणि काय आणायला गेलो होतो ते विसरलो, असं सांगतो. पुढच्याच रांगेत शैलाकाकू. त्यांनी मागे वळून कानावरचे केस बाजूला केले आणि अभिमानाने मला नवीन यंत्रं दाखवली, दोन्ही कानांना. आता सुई पडली तरी ऐकू येते म्हणाल्या.

सिनेमा सुरू झाला. मी काही पाहिलं नाही, मी मोजत होते. राणी आली, वादळ आलं, मुखियाने डोळे मिटले. बांधावरून अंत्ययात्रा निघाली, आणि आमची गर्दी पडद्यातून आली नाही. ती थिएटरच्या मागच्या भिंतीतून आली, आमच्या पाठीमागून, जणू आम्हीच मागे चालत होतो. सगळे एकमेकांना कोपरं मारू लागले. अनिलची शिंक ओळखून कोणीतरी हसलं. डोसा पीठ आलं. ॲडमिशन आली. मी खुर्चीचे हात धरले.

मग संगीत खाली गेलं आणि मी बोलले. वैजू काही तिसरा भाग बघायला राहत नाही. काकूंचं "काय?" आलं. मी परत बोलले, सुटं सुटं. रांगेतली कोपरं थांबली. ऋचा माझ्याकडे वळली. अंधारात मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण ती वळली होती. आणि मला कळलं की आता हे तिला सांगावं लागेल, आज, बाहेर पार्किंगमध्ये, आणि त्यात कुठलंही नाटक चालणार नाही.

तेव्हा तू बोललीस.

गॅरेजमधल्या त्या टेकमध्ये तुझा आवाज नव्हता. गर्दीत कुठे भोक राहिलं की शेवटी स्वतःचे दोन-चार आवाज टाकून ते बुजवायची तुझी पद्धत होती, हे मला माहीत होतं. पण या गर्दीत भोक नव्हतं. तू नंतर कधीतरी एकटी साड्यांच्या कपाटात बसली असशील, माझं वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं असशील, आणि त्याच्या बरोबर पाठीवर तुझं बसवलंस. डाव्या बाजूने, आमच्या मागच्या रांगेतून, लग्नात पाठीमागे बसलेली बाई पुढे वाकून बोलते तसं.

"हळू बोल गं. मला ऐकू येतंय."

पडद्यावर अंत्ययात्रा चालत होती. ऋचाचा हात माझ्या हातावर आला आणि तिथेच राहिला. आणि श्रीधर, इतके दिवस खोल्याखोल्यांतून फिरणारा श्रीधर, खुर्चीत पूर्ण मागे वळला, आणि मागच्या रिकाम्या रांगेकडे पाहत सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला,

"अगं, तू इथे बसलीयस होय!"